वाचनालय चालतं कसं, पैसा येतो कुठून: नव्या कार्यकारी मंडळासाठी

वार्षिक सभेत कुणीतरी तुमचं नाव सुचवतं, दुसरा लगेच अनुमोदन देतो आणि तुम्ही गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचे कार्यवाह होता. हातात येतो किल्ल्यांचा जुडगा, एक पासबुक, कीर्द आणि मागच्या कार्यवाहांचं एकच वाक्य: ‘अनुदान आलं की बघू.’ हे अनुदान कुठून येतं, कधी येतं, किती येतं आणि कशामुळे अडतं, हे नव्या माणसाला नीट कुणी सांगत नाही. हा लेख त्यासाठी आहे. वाचनालयात नव्यानं नोकरीला लागलेल्या ग्रंथपालांनाही तो उपयोगी पडेल.

पायरी पहिली: वाचनालय कुणाचं, हे आधी पक्कं करा

‘शासनमान्य सार्वजनिक वाचनालय’ अशी पाटी असली तरी वाचनालय सरकारचं नसतं. महाराष्ट्रात अशी अकरा हजारांच्या वर ग्रंथालयं आहेत आणि त्यांतली बहुतेक सगळी लोकांनी स्थापन केलेल्या संस्था चालवतात. तुमचा ग्रंथपाल सरकारी नोकर नाही, इमारत सरकारी नाही, कपाटातली पुस्तकं संस्थेची आहेत. सरकार मान्यता देतं, वर्ग ठरवतं, तपासणी करतं आणि अनुदान देतं. चालवायचं तुम्ही.

असं का झालं, तर ग्रंथालयं आधी आली आणि कायदा फार मागून. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ मधलं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये निघालं आणि मुंबईचं १८९८ मध्ये. वर्गणी, देणग्या आणि चार हौशी माणसांची चिकाटी यांवर ही घरं उभी राहिली. ग्रंथालयाचा कायदा करण्याचा देशातला पहिला मान कोल्हापूर संस्थानाचा, १९४५चा. त्याच्याही आधी, १९१० पासून, सयाजीराव गायकवाडांनी बडोदा संस्थानात गावोगाव वाचनालयं काढली होती. त्यांची रीत साधी होती: खर्चाचा एक तृतीयांश गावानं जमवायचा, एक तृतीयांश प्रांत पंचायतीनं द्यायचा, एक तृतीयांश सरकारनं. मुंबई इलाख्यात फैजी समितीनं १९४० च्या सुमारास ग्रंथालयांची उतरंड कशी असावी याचा आराखडा दिला. त्यातलं थोडं प्रत्यक्षात आलं, बरंचसं राहिलं.

मग महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ आला. या कायद्यानं आधीपासून चाललेल्या संस्था ताब्यात घेतल्या नाहीत. त्यांना मान्यता आणि मदत देण्याची व्यवस्था लावली. आणखी एक गोष्ट त्यानं मुद्दाम केली नाही, ती म्हणजे ग्रंथालय कर. तामिळनाडूत आणि कर्नाटकात घरपट्टीबरोबर ग्रंथालयासाठी कर गोळा होतो. बेळगावच्या मराठी माणसाला घरपट्टी भरताना तो ठाऊक होतो. कर्नाटकात पुष्कळशी ग्रंथालयं सरकारी खातंच चालवतं. गोव्यात १९९३च्या कायद्यानं मद्यावर अधिभार बसवून त्यातून ग्रंथालयांसाठी पैसा काढला, म्हणजे तिथला पिणारा वाचणाऱ्याचा खर्च उचलतो. महाराष्ट्रात असा राखीव झरा नाही. कायद्यात ग्रंथालय निधी आहे आणि त्यात सरकारनं दरवर्षी किमान २५ लाख रुपये घालावेत असं लिहिलेलं आहे. १९६७ मध्ये ती रक्कम बरी वाटली असेल. आज प्रत्यक्ष तरतूद शंभर कोटींच्या वर असते, पण ती दरवर्षी अर्थसंकल्पातून मागून घ्यावी लागते.

माझं मत विचाराल तर कर नसण्याचा एक फायदा झाला. संस्था स्वतंत्र राहिल्या, कुठली पुस्तकं घ्यायची हे वरून ठरलं नाही. तोटा असा की प्रत्येक वाढीसाठी मोर्चे काढावे लागले. २०१२ मधल्या वाढीनंतर पुढची वाढ यायला दहा वर्षं गेली.

पायरी दुसरी: कुठल्या कामासाठी कुणाकडे जायचं

मंत्रालयात ग्रंथालयांचा विषय उच्च व तंत्र शिक्षण विभागाकडे आहे. त्या खात्याचे मंत्री राज्य ग्रंथालय परिषदेचे अध्यक्ष असतात. परिषद सल्ला देते. तुमच्या फायलीचा तिच्याशी संबंध येत नाही. खरं काम ग्रंथालय संचालनालयाचं. ते १९६८ मध्ये स्थापन झालं आणि मुंबईत आहे. संचालनालयाखाली सहा महसुली विभागांत सहायक ग्रंथालय संचालक आणि जिल्ह्यात जिल्हा ग्रंथालय अधिकारी.

नव्या कार्यवाहानं ओळख करून घ्यायची ती या शेवटच्या कार्यालयाची. अर्ज तिथे, वार्षिक अहवाल तिथे, तपासणीला येणारे तिथले, अनुदानाचा प्रस्तावही तिथूनच वर जातो. पुष्कळ जण पहिल्या अडचणीला थेट आमदारांकडे किंवा मुंबईला धाव घेतात. तिथून कागद फिरून पुन्हा जिल्ह्यालाच येतो, फक्त दोन महिने उशिरा. या कार्यालयांत माणसं कमी आणि ग्रंथालयं शेकड्यांनी, हे लक्षात ठेवून जा. फोनवर ‘आमचं काय झालं’ विचारण्यापेक्षा जावक क्रमांक आणि तारीख घेऊन गेलात तर उत्तर मिळतं.

सरकार स्वतः चालवतं अशी ग्रंथालयं मोजकी आहेत. मुंबईत फोर्टमधल्या टाऊन हॉलच्या इमारतीतलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, रत्नागिरी अशा ठिकाणची शासकीय विभागीय ग्रंथालयं आणि शासकीय जिल्हा ग्रंथालयं. मध्यवर्ती ग्रंथालयाला १९५४च्या कायद्याप्रमाणे देशातल्या प्रकाशकांकडून नव्या पुस्तकाची प्रत मिळते. तुमच्या गावातल्या संशोधकाला एखादं दुर्मीळ पुस्तक हवं असेल तर हे दार माहीत असू द्या.

याखेरीज राज्य ग्रंथालय संघ आणि जिल्हा ग्रंथालय संघ आहेत. या सरकारी यंत्रणा नव्हेत, ग्रंथालयांच्याच संघटना. जिल्हा संघाची वर्गणी वेळेवर भरा. ग्रंथालय व्यवस्थापनाचा प्रमाणपत्र वर्ग बहुतेक ठिकाणी संघच चालवतो आणि तुमच्या ग्रंथपालाला तो करावा लागणार आहे. शिवाय तालुक्यातल्या दुसऱ्या वाचनालयाचे कार्यवाह तिथेच भेटतात. शासन निर्णय आला की पहिली बातमी त्यांच्याकडून कळते.

पायरी तिसरी: संस्थेची कागदपत्रं तपासा

चालू वाचनालय हातात आलं असेल तरी ही पायरी गाळू नका. संस्था दोन ठिकाणी नोंदलेली असते: संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली. पहिल्या कायद्यात कमीत कमी सात माणसं लागतात, आणि ज्या उद्देशांसाठी संस्था काढता येते त्यांत वाचनालयाचा उल्लेख स्पष्ट आहे. दुसऱ्या नोंदणीमुळे तुम्ही धर्मादाय आयुक्तांच्या कक्षेत येता.

आता मुख्य मुद्दा. कार्यकारी मंडळ बदललं की त्याचा फेरफार अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. हा अर्ज राहिला की कागदोपत्री विश्वस्त जुनेच राहतात. त्यांतले दोघे वारलेले असतात, एक मुलाकडे पुण्याला गेलेला असतो. तोवर काही बिघडत नाही. बिघडतं ते मंडळात दोन गट पडल्यावर. दोघंही आपापली सभा घेतात, बँक सह्या थांबवते, जिल्हा कार्यालय ‘आधी वाद मिटवा’ म्हणतं आणि अनुदान लटकतं. म्हणून निवडीच्या सभेचं इतिवृत्त, सभेची नोटीस आणि उपस्थितांच्या सह्या पहिल्याच आठवड्यात एका फाइलीत लावा आणि वकिलाकडे द्या.

त्याच फाइलीत हेही असू द्या: घटना व नियमावली, दोन्ही नोंदणी प्रमाणपत्रं, शासनमान्यतेचं पत्र, जागेचा उतारा किंवा भाडेकरार, मागच्या वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल. जागा ग्रामपंचायतीनं दिली असेल तर तो ठराव लेखी आहे का बघा. तोंडी दिलेली खोली सरपंच बदलला की गोदाम होते.

पायरी चौथी: तुमचा वर्ग कोणता, आणि तो का

अनुदानाचं सगळं गणित वर्गावर चालतं. १९७० च्या नियमांप्रमाणे ग्रंथालयं तीन गटांत येतात: जिल्हा, तालुका आणि इतर. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणी एकेका ग्रंथालयाला तो दर्जा मिळतो, बाकी सगळी ‘इतर’. मग प्रत्येक गटात अक्षरं. जिल्ह्यात अ आणि ब, तालुक्यात अ, ब, क आणि इतरांत अ, ब, क, ड. गावातलं नवं वाचनालय साधारणपणे ‘इतर ड’पासून सुरू होतं.

अक्षर ठरतं ते ग्रंथसंख्या, वर्तमानपत्रं व नियतकालिकं, वर्गणीदार, उघडण्याचे तास, कर्मचारी आणि विभाग यांवरून. ‘इतर’ गटात ढोबळ मानानं ‘अ’ला पंधरा हजार ग्रंथ लागतात, ‘ब’ला पाच हजार, ‘क’ला हजार, ‘ड’ला काही शे. कर्मचारी ‘ड’ला एकटा ग्रंथपाल, ‘क’ला ग्रंथपाल आणि शिपाई. वर जाल तशी लिपिक आणि सहायक ग्रंथपाल ही पदं येतात. वरच्या वर्गांत बालविभाग, महिला विभाग, संदर्भ विभाग हवेत. मुक्तद्वार वाचन, म्हणजे कुणीही येऊन वर्तमानपत्र फुकट वाचावं, ते मात्र सगळ्यांनाच बंधनकारक. वर्गणी घेता येते ती पुस्तक घरी नेणाऱ्याकडून.

नेमके निकष जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडून छापील घ्या आणि ग्रंथपालाच्या टेबलाशेजारी भिंतीला चिकटवा. वर्ग टिकवण्यासाठी ते रोज पाळावे लागतात. पाच हजार ग्रंथ दाखवून ‘ब’ मिळवलात आणि मोजणीत साडेचार हजार भरले, तर वर्ग खाली येऊ शकतो.

२०१२ मध्ये राज्यभर महसूल खात्यामार्फत ग्रंथालयांची पडताळणी झाली. फक्त कागदावर चालणारी वाचनालयं तेव्हा उघडी पडली. कुठे पाटी होती पण कुलूप, कुठे एकच कपाट. त्यानंतर नवी मान्यता आणि वर्गवाढ ही दोन्ही कामं बरीच वर्षं बंद राहिली. खोटं चालवणाऱ्यांमुळे खरं चालवणारे अडकले. ‘ड’ वर्गातली कितीतरी चांगली वाचनालयं चार हजार पुस्तकं जमवूनही ‘ड’तच राहिली. म्हणून नवं वाचनालय काढणार असाल किंवा वर्गबदलाचा प्रस्ताव करणार असाल, तर पुस्तकं विकत घेण्याआधी जिल्हा कार्यालयात एकच प्रश्न विचारा: सध्या प्रस्ताव घेताय का? घेत असतील तर कुठल्या शासन निर्णयाप्रमाणे, त्याची प्रत मागा.

मान्यता मिळाली नाही म्हणून वाचनालय काढायचंच नाही, असं मात्र नाही. विनामान्यता चालवायला कुणाची बंदी नाही. फक्त पहिली काही वर्षं स्वतःच्या हिमतीवर काढायची तयारी हवी.

पायरी पाचवी: अनुदानाचा हिशेब कागदावर मांडा

सरकार देतं त्याला परिरक्षण अनुदान म्हणतात. रोजचा गाडा चालू ठेवायचा पैसा. मान्य खर्चातला थोडा वाटा संस्थेनं स्वतः घालायचा, बाकीचा सरकार देतं, तेही वर्गाच्या कमाल मर्यादेपर्यंतच. ते वर्षात दोन हप्त्यांत येतं. दुसरा हप्ता बहुधा आर्थिक वर्ष संपत आलं की पडतो आणि मार्चअखेर तो खर्च झालेला दाखवायचा असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुस्तकांच्या दुकानात कार्यवाहांची झुंबड दिसते ती यामुळे.

रकमा किती? २०१२च्या वाढीनंतर ‘इतर ड’ला वर्षाला ३०,००० रुपये होते आणि ‘इतर क’ला ९६,०००. २०२२-२३ पासून ६० टक्के वाढ झाली, म्हणजे ‘ड’ला ४८,००० आणि ‘क’ला १,५३,६००. पुढच्या शासन निर्णयानं आकडा बदलू शकतो, म्हणून तुमच्या वर्षाचा आकडा अनुदानाच्या मंजुरी पत्रातून घ्या.

आता ‘ड’चे ४८,००० फोडून बघू. साधारण निम्मी रक्कम कर्मचाऱ्याच्या वेतनावर जाते. २४,००० भागिले बारा, म्हणजे ग्रंथपालाला महिन्याला दोन हजार. राहिलेल्या २४,००० मध्ये पुस्तकं, वर्तमानपत्रं, मासिकं, वीज, भाडं, स्टेशनरी, लेखापरीक्षकांची फी. त्यातले बारा हजार पुस्तकांना ठेवलेत आणि पुस्तक सरासरी तीनशे रुपयांना पडलं, तर वर्षाला चाळीस पुस्तकं येतात.

हा हिशेब पहिल्याच सभेत सगळ्या सभासदांसमोर फळ्यावर लिहा. ‘सरकार एवढं अनुदान देतं, मग वर्गणी कशाला’ हा प्रश्न नंतर येत नाही.

ग्रंथपालाचे दोन हजार हा आकडा पुन्हा वाचा. रोज तीन तास दार उघडणाऱ्या, पुस्तकांची नोंद ठेवणाऱ्या, मुलांना गप्प बसवणाऱ्या माणसाचं हे महिन्याचं मानधन. ग्रंथालय कर्मचारी कित्येक वर्षांपासून वेतनश्रेणी आणि सेवाशर्ती मागत आहेत. ग्रंथालयांच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या व्यंकप्पा पत्की समितीचं नाव प्रत्येक अधिवेशनात निघतं ते तिच्या शिफारशी तशाच पडून राहिल्या म्हणून. कार्यकारी मंडळाच्या हातात वेतनश्रेणी नाही. पण संस्थेच्या उत्पन्नातून मानधनात भर घालणं हातात आहे, आणि स्वतःचा पैसा आला की मी तरी पहिली भर तिथेच घालेन. माणूस टिकला तर वाचनालय टिकतं. चांगला ग्रंथपाल सोडून गेला की वर्गणीदार पाठोपाठ जातात, हे मी एकाहून जास्त गावांत पाहिलं आहे.

मानधन रोखीनं देऊ नका. कर्मचाऱ्याच्या बँक खात्यात घाला. वेतनपत्रकावर जास्त रकमेची सही आणि हातात कमी पैसे, असले प्रकार काही ठिकाणी ‘संस्थेला देणगी’ या नावाखाली चालतात. ही फसवणूक आहे आणि तपासणीत ती निघाली की कार्यवाह म्हणून सही तुमची असते.

पायरी सहावी: नोंदवह्या

नवे लोक या कामाला कंटाळतात. पण अनुदान, वर्ग, मान्यता हे तिन्ही याच नोंदवह्यांवर उभं आहे.

सगळ्यांत महत्त्वाची दाखल नोंदवही. विकत घेतलेलं असो वा भेट आलेलं, प्रत्येक पुस्तकाला एक दाखल क्रमांक. तो एकदा दिला की कायमचा. पुस्तक हरवलं, फाटलं, बाद झालं तरी तो क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. रकान्यात तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, किंमत, बिलाचा क्रमांक. आणि उलट्या बाजूनं बिलावरही त्या पुस्तकांचे दाखल क्रमांक लिहायचे. तपासणीला येणारे अधिकारी बहुधा हेच करतात: एखादं बिल उचलतात, त्यावरचा एक क्रमांक सांगतात आणि म्हणतात, पुस्तक दाखवा. पुस्तक कपाटात नसेल तर देवघेव नोंदीत कुणाकडे आहे ते दिसायला हवं. दोन्हीकडे नसेल तर पुढची दहा मिनिटं अवघड जातात.

भेट आलेली पुस्तकं वेगळी ओळखू येतील अशी खूण करा. ‘भेट’ असा शिक्का आणि देणाऱ्याचं नाव पुरे.

बाकीच्या वह्या: नियतकालिकांची नोंद, वर्गणीदारांची यादी, देवघेव, वाचनकक्षात येणाऱ्यांच्या रोजच्या सह्या, जडवस्तू नोंदवही (टेबल, खुर्च्या, पंखे, संगणक), कीर्द, खतावणी, पावतीपुस्तकं, प्रमाणकांची (व्हाउचरची) फाइल, सभेचं इतिवृत्त. वाचकांच्या सह्यांची वही रोज भरा. महिन्याच्या शेवटी एकाच पेनानं एकाच अक्षरात भरलेल्या सह्या कुणालाही ओळखू येतात.

फाटकी पुस्तकं रद्दीत विकण्याआधी यादी करा, मंडळाचा ठराव घ्या, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना कळवून विचारा आणि मगच दाखल नोंदवहीत लाल शाईनं शेरा मारा. जुनं पुस्तक बाद करताना ज्याला कळतं अशा एका माणसाला यादी दाखवा. शंभर वर्षांपूर्वीचं मासिकाचं बांधीव पुस्तक आणि दहा वर्षांपूर्वीचं गाइड धुळीत सारखंच दिसतं.

संगणकीकरणाचा विचार असेल तर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ ही प्रणाली ग्रंथालयांना मोफत मिळते. कोहा ही मुक्त प्रणालीही आहे, पण तिला थोडा जाणकार माणूस लागतो. हजार-दोन हजार पुस्तकांच्या वाचनालयानं आधी दाखल नोंदवही शुद्ध करावी आणि मग संगणकाकडे वळावं. चुकीची नोंद संगणकात गेली की ती आणखी खरी वाटायला लागते.

वर्ष संपतं ३१ मार्चला. एप्रिलमध्येच हिशेब लेखापरीक्षकांकडे द्या. विश्वस्त कायद्याखाली ताळेबंद अनुसूची ८ मध्ये आणि उत्पन्न-खर्च अनुसूची ९ मध्ये लागतो. स्वस्तातला लेखापरीक्षक साधा ताळेबंद करून देतो आणि तो परत येतो. वार्षिक अहवाल ठरलेल्या नमुन्यात भरून, लेखापरीक्षण अहवाल आणि उपयोजिता प्रमाणपत्रासह जिल्हा कार्यालयात द्यायचा. उपयोजिता प्रमाणपत्र म्हणजे दिलेला पैसा ज्या कामाला दिला त्याच कामाला लागला, असं लिहून देणं. पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.

पायरी सातवी: पुस्तकं निवडताना

दरवर्षी शासनाची निवड समिती नव्या ग्रंथांची यादी करते, तिला शासनमान्य ग्रंथांची यादी म्हणतात. खरेदीत तिचा आधार घ्यावा लागतो. किती प्रमाणात, ते जिल्हा कार्यालय सांगेल. पण संपूर्ण खरेदी यादीवर टिक करून विक्रेत्याकडे पाठवायची, ही सवय वाईट. काही विक्रेते मार्चमध्ये गठ्ठेच घेऊन फिरतात, सवलत भरघोस असते आणि आत कुणीही न उघडणारी पुस्तकं असतात. छापील किंमत फुगवलेली असली की सवलतीला अर्थ उरत नाही. काउंटरवर एक मागणी वही ठेवा. वाचकानं मागितलेलं आणि आपल्याकडे नसलेलं पुस्तक तिथे लिहायचं. खरेदीची निम्मी यादी तिथूनच तयार होते. सवलत मिळाली तर ती बिलावर दिसू द्या.

पायरी आठवी: अनुदानापलीकडचा पैसा

केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाखाली राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान आहे, १९७२ मध्ये कोलकात्यात स्थापन झालेलं. त्याच्या दोन प्रकारच्या योजना आहेत. समान निधी योजनेत राज्य सरकार आपला वाटा घालतं आणि प्रतिष्ठान आपला. त्यातून ग्रंथभेट मिळते. असमान निधी योजनेत प्रतिष्ठान थेट मदत करतं: इमारत, फर्निचर, संगणक, बालविभाग, वर्धापनाचे टप्पे गाठलेल्या ग्रंथालयांसाठी खास मदत. अर्ज राज्याच्या ग्रंथालय यंत्रणेतूनच पुढे जातो. इमारतीसाठी मागणार असाल तर जागा संस्थेच्या नावावर किंवा दीर्घ मुदतीच्या करारावर हवी. बहुतेक प्रस्ताव इथेच अडखळतात.

आमदार-खासदारांच्या स्थानिक विकास निधीतून खोली, कपाटं, पुस्तकं मिळू शकतात. नगरपालिका आणि ग्रामपंचायत ठराव करून मदत देऊ शकते. शहरांजवळच्या वाचनालयांना आता खरा आधार आहे तो अभ्यासिकेचा. स्पर्धा परीक्षेची मुलं महिन्याची फी देतात, सकाळी सहाला येतात, रात्री अकराला जातात. फीमधून वीज, सफाई आणि ग्रंथपालाच्या मानधनातली भर निघते. एक सावधगिरी घ्या: अभ्यासिका वाढत वाढत वाचनकक्ष गिळते, आणि वर्तमानपत्र वाचायला आलेल्या आजोबांना बसायला जागा उरत नाही. मुक्तद्वार वाचनाची जागा आखून ठेवा.

देणगी मागताना पावती आणि आयकर सवलत दोन्ही देता यायला हवी. त्यासाठी आयकर खात्याकडे धर्मादाय संस्था म्हणून आणि देणगीदाराच्या सवलतीसाठी अशी नोंदणी करा (१९६१च्या आयकर कायद्यातली कलमं १२ए आणि ८०जी). एकदा केली की तिचं नूतनीकरण कधी आहे ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. मोठी देणगी आली तर ती कायम ठेवीत टाकून फक्त व्याज वापरायचं, असा ठराव आधीच करून ठेवलेला बरा. देणगीदारालाही ते आवडतं.

मुंबई-पुण्याला गेलेली, परदेशात असलेली गावची मंडळी विचारतात, पुस्तकं पाठवू का? सरळ सांगा: घर आवरताना निघालेली जुनी पाठ्यपुस्तकं नकोत, पोत्याचं भाडं आम्हालाच पडतं. त्यापेक्षा दोन मासिकांची वर्षाची वर्गणी भरा, किंवा मुलांच्या कपाटासाठी ठरावीक रक्कम द्या. परदेशातून पैसे येणार असतील तर आधी पारपत्र विचारा. भारतीय पारपत्र असलेल्यानं स्वतःच्या कमाईतून दिलेली देणगी घेता येते. पण ज्यांनी दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं आहे त्यांचा पैसा परकीय योगदान ठरतो, मग त्यांच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असलं तरीही. तो घ्यायला वेगळी नोंदणी लागते आणि ती गावातल्या वाचनालयाकडे सहसा नसते. अशा वेळी त्यांनी गावातल्या भावाला किंवा पुतण्याला मध्ये घालून ‘त्याच्या नावानं द्या’ असं सुचवलं, तर नम्रपणे नाही म्हणा आणि आपल्या लेखापरीक्षकांना एकदा विचारून घ्या.